कृष्णसाराचा देश

मौंजीबंधनाच्या वेळीं ब्राह्मण बटूनें कृष्णाजिन धारण करावें, असें शास्त्र सांगतें. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत तर कृष्णसार मृग जेथें स्वभावतः संचार करितो, तोच देश यज्ञास योग्य, असें लक्षण दिलें आहे. परंतु हा मृग चरतांना पाहिलेले आपल्यांत कितीसे सांपडतील? म्हणून गेल्या हिवाळ्यांत नातवास घेऊन अमळनेरहून मनमाडमार्गें अहिल्यानगरास व तेथून कर्जतनजीकच्या रेहेकुरी अभयारण्यांत जाऊन आलों.

हें अभयारण्य १९८० सालीं स्थापन झालें. विस्तार अवघा २१७ हेक्टर. मुरमाड जमीन, वाळलेलें गवत, मधूनमधून हिवर व बाभूळ. सूर्य वर येतांच कळप दृष्टीस पडला. माद्या व पाडसें पिंगट. मळसूत्राप्रमाणें पिळदार शिंगांचा नर मात्र पाठीवर काळाभोर, पोटाशीं शुभ्र. ठराविक जागीं लेंड्या टाकून तो आपली सीमा आंखतो व तींत दुसऱ्या नरास येऊं देत नाहीं. दूरवर पोहोंचणारी नजर व वेगवान धांव हेंच या प्राण्याचें संरक्षण. म्हणून त्यास मोकळा माळच लागतो.

नातवानें विचारलें, "आजोबा, एवढी जागा ओसाड कां ठेविली? येथें झाडें लावलीं तर?"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. अशा माळास आपण सारेच 'पडीक' म्हणत आलों. मीं म्हटलें, "बाळ, सावली दाट झाली म्हणजे गवत मरतें, आणि झाडीआड दबा धरणारा लांडगा हरिणास दिसत नाहीं. चंडोल, टिटवी तर भुईवरच अंडीं घालतात. त्यांचें घर हेंच."

इंग्लंडांत खडूच्या दगडाच्या टेकड्यांवरील कुरणें मेंढ्या चारून मुद्दाम राखतात. चराई थांबली कीं झुडुपें माजतात व तेथील रानफुलें, फुलपांखरें नाहींशीं होतात. गवत राखणें हेंहि वनरक्षणच होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाच्या शिकारीस बंदी केली, हें उत्तमच. परंतु माळ नांगरला गेला, अथवा वृक्षारोपणाच्या उत्साहांत झांकला गेला, तर मृग राहील कोठें? सोलापूरकडील नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. तरीहि तो पक्षी आज तेथें क्वचितच दिसतो.

मनूनें देशाचें लक्षण मृगाच्या कातड्यावरून सांगितलें नाहीं, त्याच्या स्वच्छंद संचारावरून सांगितलें. वाचकांनीं आपल्या गांवाबाहेरील माळावर मुलांस एकदां अवश्य न्यावें, आणि तेथें 'कांहीं नाहीं' असें त्यांस सांगूं नये.