यंत्र बंद पडते तेव्हा

यंत्र बंद पडले की पहिला आरोप चालवणाऱ्यावर येतो. मालक म्हणतो, ‘पोराने इंजिन ताणले.’ शेजारी म्हणतो, ‘नजर लागली.’ कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगतो. पण यंत्राला ना नजर लागते, ना राग येतो. त्याच्या प्रत्येक बिघाडाला कारण असते, आणि ते शोधण्याची एक रीत असते. ही रीत ठाऊक नसली की गरिबाची मजुरी बुडते. म्हणून आमच्या भागातली एक हकीकत आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहे.

मी गॅरेजचा माणूस. १९८० नंतरची काही वर्षे मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजात काढली, नंतर तलासरीला हायवेच्या कडेला स्वतःचे लहानसे दुकान टाकले. आता दुकान मुलगा पाहतो. मी डहाणूला राहतो, कोणी बोलावले तर जातो. डहाणू, घोलवड, बोर्डी हा चिकूचा पट्टा. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात. मोठा ट्रॅक्टर त्यांच्याखाली शिरत नाही, शिरला तर फळ झोडपले जाते. तलासरीकडे गेलात तर उताराची जमीन आणि भाताची लहान खाचरे. तिथेही मोठे यंत्र वळत नाही. त्यामुळे दोन्हीकडे लहान यंत्रांचा सुकाळ झाला आहे. काही डिझेलचे मिनी ट्रॅक्टर आहेत, काही पॉवर टिलर, आणि काही पेट्रोलवरची हाताने धरून चालवायची यंत्रे. या शेवटच्यांनाही आमच्याकडे लोक ‘छोटा ट्रॅक्टर’च म्हणतात.

असाच एक पेट्रोलचा छोटा ट्रॅक्टर एका वाडीत चालत होता. चालवणारा तलासरीकडचा वीस-बावीस वर्षांचा वारली तरुण. माझ्या भाच्याचा मित्र, म्हणून मलाही मामाच म्हणतो. वैशाखाचे दिवस. यंत्र सकाळी छान सुरू व्हायचे, पाऊण तास चालायचे, मग गचके खायचे आणि बंद पडायचे. कितीही दोरी ओढली तरी दाद नाही. अर्ध्या तासाने मात्र पहिल्या झटक्यात सुरू! चार दिवस असे झाले. मालकांनी निकाल दिला की याने इंजिन बिघडवले, आणि चार दिवसांची मजुरी अडकवली. पोरगा आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, ‘मामा, मी काहीच केलं नाय. बंद पडतं नि आपोआप चालू होतं. मग माझी चूक कशी?’

त्याच्या या प्रश्नातच अर्धे उत्तर होते. ताणून मोडलेले इंजिन थंड झाल्यावर पूर्वीसारखे चालत नाही. जे यंत्र तापल्यावर रुसते आणि निवल्यावर हसते, त्याच्या दुखण्याचा संबंध उष्णतेशी असतो.

मला मुंबईचे दिवस आठवले. तेव्हा रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होत्या. (त्यांतली शेवटची मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली.) उन्हाळ्यात भाडे घेऊन कसारा घाट किंवा खंडाळा चढताना या गाड्या हटकून थांबत. जाणता ड्रायव्हर बॉनेट उघडून एसी पंपावर ओले फडके टाकी आणि बिडीसाठी लांब जाऊन बसे. वीस मिनिटांत गाडी सुरू. इंजिनला चिकटलेला तो पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होई. गॅरेजात आम्ही त्याला ‘व्हेपर लॉक’ म्हणत असू.

हे नेमके काय असते, ते घरातल्या मुलांना समजावे म्हणून सांगतो. उसाचा रस नळीने पिताना ग्लासाच्या तळाशी आलो की खुळखुळ आवाज होतो. ओढ तेवढीच असते, पण तोंडात रस कमी आणि हवाच जास्त येते. इंजिनचे तसेच होते. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातले हलके अंश ३५-४० अंशांच्या आसपासच वाफ धरू लागतात. डिझेल मात्र दीडशे अंशांच्या पुढे उकळते. सायलेन्सरचा पत्रा तर दोन-तीनशे अंशांपर्यंत सहज तापतो. त्याच्या शेजारून पेट्रोलची नळी गेली की नळीतच बुडबुडे होतात. टाकी वर असेल तर हे बुडबुडे वर चढू पाहतात आणि खाली येणाऱ्या पेट्रोलची वाट अडवतात. पंप असेल तर तो वाफच ओढत बसतो. कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि इंजिन भुकेने थांबते. नळी निवली की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते, वाट मोकळी होते.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. तापल्यावर बंद पडण्याची आणखीही कारणे असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. बरोबर नववीत शिकणारी नात होती. तिच्या हाती वही आणि घड्याळ दिले. ९ वाजून १० मिनिटांनी यंत्र सुरू, ९ वाजून ५२ मिनिटांनी बंद. तिने लिहून घेतले.

पहिली तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले तर आत हवा शिरत नाही, आणि पेट्रोल उतरायचे थांबते. झाकण सैल केले की फुस्स आवाज येऊन यंत्र लगेच सुरू व्हायला हवे. तसे झाले नाही. दुसरी तपासणी ठिणगीची. काही इंजिनांत तापल्यावर कॉइल दगा देते. पेट्रोलचा कॉक बंद केला, इंजिनचा प्लग जागेवरच ठेवला, वायरला दुसरा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी निळी, ठसठशीत. म्हणजे कॉइल निर्दोष. तिसरी तपासणी नळीची. तिच्यात पारदर्शक फिल्टर होता. कॉक उघडला तरी त्यात पेट्रोल उतरेना, नुसते बुडबुडे. नळी हाताने चाचपली तर चटका बसला. कोणा कारागिराने जुनी नळी बदलताना नवी वीतभर लांब घातली होती, आणि तिचा झोल सायलेन्सरपासून दोन बोटांवर लोंबत होता. मधे उष्णता अडवणारा पत्रा असायचा, तोही नव्हता. स्क्रूची रिकामी भोके तेवढी शिल्लक होती.

नळीवर ओले फडके ठेवले. थोड्याच वेळात फिल्टर भरला आणि यंत्र सुरू झाले.

आता इलाज. नळी योग्य लांबीची कापून सायलेन्सरच्या उलट बाजूने, पंख्याची हवा लागेल अशी बांधली. पत्र्याचे कवच कुठून आणायचे? आमच्या घरून जुने अॅल्युमिनियमचे ताट आले. मी विचारले तेव्हा ही म्हणाली, ‘ताट गेलं तर गेलं, पोराची मजुरी आली पाहिजे.’ ताट कापून, ठोकून सरळ केले आणि चकचकीत बाजू सायलेन्सरकडे ठेवून बसवले. पत्रा सायलेन्सरला चिकटवायचा नसतो. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच तरी हवा खेळली पाहिजे, नाही तर पत्राच तापून नळीला भाजतो. इंजिनच्या पात्यांमध्ये चिकूचा पाला आणि माती ठासून भरली होती, ती साफ केली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो, तो जागेवर असल्याची खात्री केली. सायलेन्सरच्या जोडावरची गॅस्केटही पाहिली. ती फुटली तर गरम धूर थेट नळीवर येतो.

त्या दिवशी यंत्र दुपारच्या जेवणापर्यंत एकदाही थांबले नाही. तरी मालक म्हणाले, ‘आज ऊन कमी असेल.’ मी म्हटले, ‘शेठ, मग ताळा करू.’ तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर पत्रा काढला आणि नळी पुन्हा जुन्या जागी लोंबती सोडली. माणूस तोच, पेट्रोल तेच, वाडी तीच. ४५ मिनिटांनी यंत्र बंद. नळी आणि पत्रा पुन्हा नीट बसवले, यंत्र संध्याकाळपर्यंत चालले. नातीने वही मालकांच्या हाती दिली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग आत जाऊन चार दिवसांचे पैसे घेऊन आले आणि काही न बोलता पोराच्या हातावर ठेवले. पोराने ते मोजून घेतले. मला त्याचे ते मोजून घेणे फार आवडले. तो दान घेत नव्हता, हक्काचे घेत होता.

काही धोक्याच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. ओले फडके नळीवर किंवा पंपावरच ठेवा. सायलेन्सर गरम असताना नळी काढू नका, पेट्रोल भरू नका. एक थेंब पुरतो. यंत्र निवू द्या, बिडी-काडी लांब ठेवा. जुन्या गॅरेजांत सायलेन्सरला अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाते, तेव्हा ती वापरू नका.

पेट्रोलचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि वायसर त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून दर हंगामाआधी नळी वाकवून पाहा. चिरा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नळी घाला, आणि ती मापाचीच असू द्या.

डिझेलच्या मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र गोंधळ करू नये. त्यांच्याकडे ज्याला ‘एअर आला’ म्हणतात, ते दुखणे निराळे. तिथे बाहेरची हवा नळीत शिरते. टाकी कोरडी होऊ दिली, फिल्टरचा वायसर गेला किंवा जोड सैल राहिला की हे होते. हातपंप मारून, ब्लीडचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी आणि मग गळका जोड शोधावा. तिथे ओले फडके ठेवून उपयोग नाही.

शेवटी एक विनंती. आपली मुले यंत्रावर मजुरीला जातात. त्यांना केवळ दोरी ओढायला शिकवू नका. एक वही द्या. यंत्र किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, तेव्हा ठिणगी होती का, पेट्रोल उतरत होते का, कितीने पुन्हा चालू झाले, अशी पाच घरे आखायची आणि रोज भरायची. मुलींनाही या कामात घ्या. माझी नात दहावीनंतर आयटीआयला जायचे म्हणते आहे. घरात कोणी हसले नाही. ज्याच्याजवळ असा लेखी हिशेब असतो, त्याच्यावर उगाच आरोप करण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.