चौकट आणि चाके

वाहनाला आशीर्वाद देण्याची प्रथा आपल्या समाजात चांगली रुजली आहे. नवी मोटार घरी आली की ती आधी चर्चच्या आवारात येते. तिला फुलांची माळ घातलेली असते, मुलेबाळे ठेवणीतल्या कपड्यांत असतात आणि धर्मगुरूने पवित्र पाणी शिंपडल्याखेरीज पेढ्यांचा पुडा उघडत नाही. या प्रथेविषयी आमची काहीच तक्रार नाही. कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू देवासमोर आणावीशी वाटणे ही कृतज्ञतेचीच खूण आहे. परंतु आशीर्वाद दिलेली मोटार काही महिन्यांनी पुन्हा आशीर्वादासाठी येते आणि या वेळी चेहऱ्यांवर आनंदाऐवजी भीती असते, तेव्हा मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. एका पावसाळ्यात असा प्रसंग आमच्यासमोर आला, त्याची ही हकीकत.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जहाजावर नोकरीला आहे. साठवलेल्या पैशातून त्याने एक जुनी, पण मोठ्या ताकदीची मोटार घेतली: स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती; भारतात ही मोटार २०१७ साली मोजक्याच संख्येने विकली गेली होती. मोठा भाऊ समुद्रावर असला की धाकटा ती चालवी. पावसाळ्याच्या तोंडाला ती एका खड्ड्यात जोरात आदळली आणि स्टिअरिंगमधून खडखड ऐकू येऊ लागली. एका गॅरेजमध्ये स्टिअरिंग रॅक बदलून घेतला. खडखड थांबली, पण त्या दिवसापासून मोटार सरळ धावेना. स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावे तेव्हा ती सरळ जाई, हात सैल सोडला की उजवीकडे ओढली जाई. आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे दुभाजकाची किंवा समोरून येणाऱ्या वाहनांची बाजू.

तीन ठिकाणी अलाइनमेंट झाले. स्टिअरिंग सरळ दिसू लागले, ओढ मात्र गेली नाही. पुढे डाव्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली. मग एके संध्याकाळी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, भर पावसात धाकट्याने ब्रेक दाबला आणि मोटार झटक्यासरशी दुभाजकाकडे वळली. शेजारी आई बसली होती. वीतभर अंतर राहिले, म्हणून अनर्थ टळला.

मोठा रजेवर आला तो या वातावरणात. ‘तूच कुठेतरी ठोकलीस आणि लपवलेस,’ हा त्याचा आरोप. ‘तूच फसून मोडकी गाडी घेतलीस,’ हे धाकट्याचे उत्तर. दोघांचे बोलणे बंद झाले. आईच्या मते गाडीला नजर लागली होती. ती विकून टाकावी, निदान फादरांकडून पुन्हा आशीर्वाद घ्यावा. मोठ्याची रजा संपायला दहा दिवस उरले होते.

आम्ही प्रार्थना केली. मात्र त्या माउलीला समजावूनही सांगितले की, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात वाहनांसाठी विधी आहे. पण वस्तूला दिलेला आशीर्वाद हा मुळात ती वापरणाऱ्या माणसांसाठी असतो. त्यांचा प्रवास सुखरूप व्हावा, त्यांनी इतरांच्या जिवाची काळजी घ्यावी, हे त्यातले मागणे. लोखंडावरची नजर काढण्याचा तो उपाय नव्हे. ईश्वरी कृपा माणसाच्या स्वाभाविक कर्तव्याची जागा घेत नाही, त्याच कर्तव्याला ती पूर्णत्वाकडे नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण सेमिनरीत आम्ही अभ्यासली होती. तिचा साधा अर्थ इतकाच, की प्रार्थना झाल्यावर मोटार मेकॅनिककडे न्यायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही भावांना घेऊन आम्ही आमच्याच गावच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो.

त्याने प्रथम पाना उचललाच नाही. टायरमधील हवा तपासली, चाके हलवून बॉल जॉइंट आणि बुश पाहिले, कुठे काही वाकले आहे का ते न्याहाळले. मग मोटार अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढवून नुसते मोजमाप घेतले आणि पडद्यावरील आकडे आम्हांस समजावून सांगितले.

चाकाची बैठक मुख्यतः तीन कोनांवर ठरते. वरून पाहिले असता पुढची दोन चाके पुढच्या बाजूस एकमेकांकडे झुकतात की फाकतात, तो टो. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत कललेला आहे की बाहेर, तो कँबर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो, तसा स्टिअरिंगच्या आसाचा बाजूने दिसणारा तिरपेपणा म्हणजे कॅस्टर. यांपैकी टो बदलणे सर्वांत सोपे. टाय रॉड फिरवला की काम झाले. म्हणून घाईचे अलाइनमेंट बहुधा तेवढ्यावरच थांबते. या मोटारीत तर पुढच्या चाकांचा कँबर एकेकटा बदलण्याची सोयच ठेवलेली नाही.

पडद्यावर डाव्या चाकाचा कँबर उणे १ अंश ५ मिनिटे होता, उजव्याचा उणे ० अंश २५ मिनिटे. साठ मिनिटांचा एक अंश. मेकॅनिकने कागदावर बेरीज मांडली: दीड अंश. त्याची निम्मी ४५ मिनिटे. डावे चाक त्याहून २० मिनिटे जास्त आत कललेले, उजवे नेमके २० मिनिटे कमी.

‘फादर, एखादे चाक आदळून वाकले असते, तर त्या एकाच चाकाचा आकडा बिघडला असता,’ तो म्हणाला. ‘दोन्ही सारखीच चुकली आहेत, तीही उलट्या दिशांनी. म्हणजे दोष चाकांत नाही. दोघांना धरणारी चौकट सरकली आहे.’

ही चौकट म्हणजे सबफ्रेम. इंजिनाखाली आडवी बसवलेली धातूची ही भक्कम चौकट जाड बोल्टांनी मोटारीच्या सांगाड्याला आवळलेली असते. दोन्ही चाकांचे खालचे आर्म तिलाच जोडलेले असतात आणि स्टिअरिंग रॅकही तिच्यावरच बसतो. बोल्टांची छिद्रे बोल्टांहून किंचित मोठी असतात, त्यामुळे ती काही मिलिमीटर इकडेतिकडे बसू शकते. म्हणून ती उतरवण्यापूर्वी एकेक बोल्ट काढून त्याच्या जागी खुणेची पिन बसवावी, म्हणजे चौकट मूळच्या जागीच परत चढते, अशी कंपनीची रीत आहे. रॅक बदलताना कोणी तरी ती रीत टाळली होती. चौकट तीन-साडेतीन मिलिमीटर डावीकडे बसली. तिने दोन्ही चाकांचे बूड डावीकडे नेले. डाव्याचा माथा आत कलला, उजव्याचा त्या मानाने उभा राहिला आणि मोटार उजवीकडे ओढू लागली. नंतरच्या तिन्ही ठिकाणी टाय रॉड फिरवून स्टिअरिंग तेवढे सरळ करण्यात आले. टो थोडा फाकलेलाच राहिला. त्याने आणि कँबरने मिळून डावा टायर खाल्ला. ओल्या रस्त्यावर डाव्या बाजूची पकड सुटली, तेव्हा ब्रेकने मोटार उजवीकडे फिरवली. साध्या मोटारीत कदाचित इतके जाणवले नसते. पण कडक स्प्रिंगा, रुंद टायर आणि तत्पर स्टिअरिंग असलेली वेगवान मोटार लहानसा दोषही चालकापासून लपवत नाही.

मग काम सुरू झाले. सबफ्रेमचे बोल्ट चौकट जेमतेम हलेल इतकेच सैल केले. धाकटा पहार लावून ती उजवीकडे रेटू लागला आणि मोठा पडद्यावरील आकडे मोठ्याने वाचू लागला. कित्येक दिवसांत त्या दोघांचे एकमेकांशी झालेले हे पहिले बोलणे. ‘अजून थोडे... जास्त झाले, मागे घे...’ तिसऱ्या खेपेस दोन्ही बाजूंस ४५ मिनिटे उमटली. जुने बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून एकेक करून नवे बसवले. आधी टॉर्क पान्याने ठरावीक जोरात आवळले, मग ठरावीक कोनात आणखी फिरवले. आवळताना चौकट पुन्हा सरकली नाही ना, हे मोजून पाहिले. त्यानंतर मागच्या चाकांचे कोन तपासले, कारण मागची चाके जी दिशा दाखवतात तिलाच धरून पुढची लावावी लागतात. टो सर्वांत शेवटी. अखेर स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला संगणकावरून नवी सरळ रेषा शिकवली आणि पुढचे दोन्ही टायर बदलले.

परतताना मोठ्याने किल्ली धाकट्याच्या हातात दिली. महामार्गावर धाकट्याने क्षणभर पकड सैल केली. मोटार आपल्या पट्ट्यातून सरळ जात राहिली. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. पण घरी पोहोचेपर्यंत दोघे टायरांच्या किमतीवर बोलत होते, आणि आम्हांस तेवढे पुरेसे वाटले.

वाचकहो, तंत्रज्ञानातून बोधकथा ओढून काढण्याची आम्हां धर्मगुरूंची खोड आपल्याला ठाऊक आहे. तरीही मेकॅनिकने कागदावर केलेली ती बेरीज आमच्या मनातून जात नाही. आमच्याकडे नवराबायको येतात, भाऊभाऊ येतात, सासूसुना येतात. प्रत्येकाच्या बोटाखाली दुसऱ्याचा दोष असतो आणि ऐकून घेताना पुष्कळदा ध्यानात येते की, एक जितका एकीकडे कलला आहे तितकाच दुसरा उलट दिशेला गेला आहे. अशा वेळी एकाला दटावून सरळ करणे हे टाय रॉड फिरवण्यासारखे आहे. काही दिवस सारे ठीक दिसते आणि आत कुठे तरी झीज चालूच राहते. त्या घराखालची चौकट कधी सरकली, हे विचारणे अधिक उपयोगाचे. कुटुंबाची एकत्र प्रार्थना कधी सुटली? पैशाचा व्यवहार एकमेकांपासून लपवणे केव्हा सुरू झाले? आजारपणात, स्थलांतरात, वाटणीत कोणते बोल्ट सैल झाले आणि घाईघाईने, पिन न लावता, पुन्हा आवळले गेले?

हे शोधायला वेळ लागतो, आणि चौकट थोडी सैल करण्याचे धाडसही लागते. त्या मोटारीचे काम सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपले. यापूर्वीचे प्रत्येक अलाइनमेंट अर्ध्या तासात उरकले होते.