थेंब कोण घालतं?

"म्हणजे चष्म्याचा नंबर काढतेस ना?" लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक मावशी मला हे विचारते. काढते की. पण माझा बराचसा दिवस पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या काचबिंदू विभागात जातो. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पेशंट 'डॉक्टर' म्हणतात, मी 'डॉक्टर आत बसतात' असं सांगते.

डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. डोळ्यातलं प्रेशर मोजायचं; साधारण १० ते २१ च्या दरम्यान असावं लागतं. कॉर्नियाची जाडी बघायची, कारण ती पातळ असेल तर प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मग नसेचा स्कॅन आणि फील्ड टेस्ट. अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून समोरच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. लोक कंटाळतात, ठिपके शोधायला डोळा फिरवतात, पेंगतात. शेजारी बसून "छान चाललंय, थोडंच राहिलं" असं कुणी म्हणत राहिलं नाही तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.

काचबिंदूचा सगळ्यात प्रचलित प्रकार दुखत नाही. नजर कडेने जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. मोतीबिंदूत ऑपरेशनने दृष्टी परत येते, काचबिंदूत गेलेली नजर येत नाही. उरलेली सांभाळायची, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी एक काका यायचे. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. प्रेशर २४, पुढच्या वेळी २६. मी विचारायचे, "थेंब घालता ना रोज?"

"रोज रात्री. महिन्याला दोन बाटल्या संपतात, मॅडम."

मी फाइलवर लिहायचे : थेंब नियमित. बाहेर रांग असायची.

चौथ्या भेटीत फील्डच्या प्रिंटवरचा नाकाकडचा काळा डाग वाढलेला दिसला. डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागले. मला त्या दोन बाटल्या खटकल्या. दोन्ही डोळ्यांत रात्री एकेक थेंब, तर महिन्याला एकच बाटली पुरायला हवी. म्हटलं, "काका, बाटली आहे का जवळ? एकदा माझ्यासमोर घालून दाखवा."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, मान मागे केली. हात थरथरत होता. पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर, तिसरा शर्टवर.

"आधी ही घालायची," ते म्हणाले. "गेल्या वर्षी गेली."

म्हणजे वर्षभर काका खरंच रोज थेंब घालत होते, फक्त ते डोळ्यात पडत नव्हते. आणि मी तीनदा 'नियमित' लिहिलं होतं.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशनचा निर्णय थांबला. काकांना आडवं झोपून, खालची पापणी ओढून थेंब टाकायला शिकवलं, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. तरी जमेना. शेवटी शेजारचा बारावीतला मुलगा रात्री येऊन थेंब घालू लागला. पुढच्या भेटीत प्रेशर १६ होतं. काळा डाग मात्र तसाच होता. तो तसाच राहणार.

डॉक्टरांना काकांसाठी पाचेक मिनिटं मिळतात. माझ्याकडे ते अर्धा-पाऊण तास असतात. तो वेळ मी मशीनला दिला होता, आणि बायको गेल्याचं मला चौथ्या भेटीत कळलं.

आता मी "थेंब घालता ना?" असं विचारत नाही. त्याला सगळे 'हो' म्हणतात. मी विचारते, "थेंब कोण घालतं?" मग सुनेचं बिनसणं, रात्रपाळी, संपलेले पैसे, सगळं बाहेर येतं. त्यातलं कामाचं फाइलवर लिहिते.

तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल, तर एकदा स्वतःचे डोळे तपासून घ्या. सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो. आणि आज रात्री त्यांच्या शेजारी उभं राहून बघा, थेंब नेमका कुठे पडतोय.