ढालीवरचे पक्षी ओळखताना

पक्षिनिरीक्षणाची मला जुनी आवड. त्यामुळे इंग्लंडमधली कुलचिन्हं अभ्यासायला घेतली तेव्हा आधी पक्ष्यांकडेच वळले, आणि चक्रावून गेले.

ऑक्सफर्डचं कॉर्पस क्रिस्ती कॉलेज १५१७ चं. त्याच्या चिन्हातल्या पक्ष्याची चोच गरुडाची, मान हंसाची, आणि ती चोच स्वतःच्याच छातीत रुतलेली. हा म्हणे पेलिकन! मग चोचीखालची पिशवी कुठे गेली? मेलेल्या पिल्लांना आई छाती फोडून आपल्या रक्तानं जिवंत करते, अशी मध्ययुगातली ख्रिस्ती श्रद्धा. त्या आईत लोक येशूचं बलिदान पाहत. म्हणजे पक्षी ओळखायचा तो पिसांवरून नव्हे, त्याच्याविषयीच्या समजुतीवरून. मग क्रौंच सोपा गेला. एका पायावर उभा, दुसऱ्यात दगड. पहाऱ्यावर डोळा लागलाच तर दगड पडून जाग यावी. चोचीत घोड्याचा नाल दिसला की शहामृग, कारण त्याला लोखंड पचतं असं मानत.

मार्टलेटनं मात्र फार छळलं. ससेक्स परगण्याच्या ढालीवर हे सहा आहेत. दिसायला भिंगरी, पण पायच नाहीत! हा पक्षी जमिनीवर कधी उतरत नाही, असा समज. इंग्लिश पद्धतीत तो चौथ्या मुलाची खूण. त्याचा अर्थ असा लावतात: जमीनजुमला थोरल्याचा, याला पाय टेकायला जागा नाही, तेव्हा यानं स्वतःच्या पंखांवर जगावं. एवढ्याशा चित्रात अख्खा वारसाहक्क मावला आहे. मला सगळ्यांत भावला तो हाच.

डावं-उजवंही इथे उलटं. ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू ती उजवी, म्हणजे पाहणाऱ्याची डावी. बहुतेक पक्षी तिकडेच तोंड करून असतात.

दोन डोक्यांचा गरुड तर पवित्र रोमन सम्राटांकडे, रशियाच्या झारकडे, आणि म्हैसूरच्या वडियारांकडे गंडभेरुंडाच्या रूपात! हा युरोपातून आला असेल का? तसं दिसत नाही. ढालींवर कुलचिन्हं रंगवायची युरोपातली रीत रुजली बाराव्या शतकात; शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीचा गंडभेरुंड-स्तंभ अकराव्या शतकातला आहे. आज गंडभेरुंड कर्नाटकाच्या राज्यचिन्हात आहे. त्या बाजूला जाणं झालं, तर तो स्तंभ आवर्जून पाहून या.