तेराचा स्कोअर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नेहमीचंच, रिलीज. पण हा रिलीज जरा डोक्यात राहिलाय, म्हणून शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलोय.

तर झालं असं की गेले आठ महिने आमची टीम अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी काम करतेय. काम काय, तर डिप्रेशनवरच्या क्लिनिकल ट्रायलसाठी ऑनलाइन माणसं गोळा करायची. दवाखान्यात खेटे नकोत. जाहिरात बघा, फॉर्म भरा, निकषात बसलात तर ट्रायलमध्ये.

पहिल्याच कॉलवर तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "आम्हाला सगळ्या प्रकारची माणसं हवीयेत." आमच्या टेस्टरने आधी माइक म्यूट केला आणि मग म्हणाला, "स्थळं बघताना आमची आईपण असंच म्हणते. मग फिल्टर लावत बसते."

हसलो सगळे. पण मॅडमचं म्हणणं खरं होतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक असलेच पाहिजेत, असा कायदा अमेरिकेत १९९३ साली झाला. मानसशास्त्राची गत तर अजून मजेशीर. २००८ मध्ये आर्नेट नावाच्या संशोधकाने मोठमोठी जर्नल्स चाळली, तर अभ्यासातली ९६ टक्के माणसं अशा देशांतली निघाली जिथे जगातली फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे 'माणसाचं मन असं चालतं' असं आपण वाचतो, तेव्हा तो माणूस बहुधा तिकडच्या कॉलेजातला पोरगा असतो.

मला वाटलं, इंटरनेटने हा प्रश्न चुटकीसरशी सुटेल. फोन काय, सगळ्यांकडे आहेत! पण सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी हे आधीच करून बघितलं होतं. मोबाइल अॅपवर डिप्रेशनची ट्रायल, आणि हिस्पॅनिक लोक यावेत म्हणून खास प्रयत्न. निकाल २०१८ मध्ये छापून आला. ४५०२ जणांची चाचपणी, १०४० जणांची नोंदणी, त्यातले खरोखर वापरणारे उरले ३४८. आणि हिस्पॅनिक मंडळी बाकीच्यांपेक्षा दोन आठवडे आधीच गळाली. दार उघडं होतं, पण आत बसवून कोणी पाणी विचारलं नाही, असं काहीसं.

आता माझा पराक्रम. अशा ट्रायलमध्ये थोडं मानधन असतं, त्यामुळे तेच तेच लोक नावं बदलून फॉर्म भरतात. ते रोखायला मी एक नियम लिहिला: एका डिव्हाइसवरून एकच नोंदणी. दुसरी आली की 'तुमची नोंदणी आधीच झाली आहे, धन्यवाद.' कोड रिव्ह्यूमध्ये शाबासकीही मिळाली. ज्या घरात चौघांत एक फोन आहे त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

फॉर्ममध्ये पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरांनी नीट बघावं. टेस्टिंगसाठी मी हा फॉर्म शेकडो वेळा भरलाय. कधी सगळे शून्य, कधी सगळे तीन.

मागच्या महिन्यात एका रात्री क्लायंटचा कॉल दीडला संपला. झोप येत नव्हतीच, बरेच दिवस येत नव्हती. का कोण जाणे, फॉर्म उघडला आणि या वेळी खरी उत्तरं भरली. नाव माझं, वय माझं. बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं: 'तुमची नोंदणी आधीच झाली आहे, धन्यवाद.'

माझाच नियम! एकटाच हसलो. मग लॉग उघडून स्कोअर बघितला. तेरा. (नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला, शून्य होतं. घरच्यांनी हे वाचलं तर घाबरू नये.)

तुम्ही म्हणाल, मग लगेच डॉक्टरकडे गेला असशील. छे! लॅपटॉप मिटला आणि पुढचे दहा दिवस काही झालंच नाही असं वागलो. शेवटी रूममेट पश्या म्हणाला, "काय रे, डबा रोज तसाच परत येतोय. मावशी विचारत होत्या, भाजी आवडत नाही का?" मला काही बोलताच येईना. पश्याने जास्त काही विचारलं नाही. शनिवारी बाइक काढली आणि म्हणाला, "बस मागे."

२०२० मध्ये अशा ऑनलाइन अभ्यासांतल्या लाखभर लोकांची आकडेवारी एकत्र करून छापली गेली. निम्मे लोक साडेपाच दिवसांतच गळतात. मानधन दिलं तर थोडे जास्त टिकतात. पण सगळ्यात जास्त टिकतात ते, ज्यांना त्यांच्या डॉक्टरने सांगून पाठवलंय. हा आकडा मी प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच वाचला होता. बाइकवर मागे बसल्यावर कळला.

सोमवारी मी नियम बदलायचा प्रस्ताव टाकला. दुसरी नोंदणी आली तर हाकलायचं नाही, बाजूला ठेवायची आणि तिकडच्या माणसाने फोन करून खात्री करायची. मॅडमनी विचारलं, हे कसं लक्षात आलं? म्हटलं, टेस्टिंगमध्ये. खोटं नव्हतं ते. पुढच्या रिलीजला येतोय बदल.

माझी झोप अजून पूर्ण रुळावर नाही, पण डबा रिकामा परत येतो. तुमचाही तसाच परत येत असेल आणि जवळ पश्या नसेल, तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पलीकडे माणूस असतो.

असो. चहा गार झाला.