नावाची शेपटी

मैत्रिणींनो, घरात नववीतलं मूल असेल तर संध्याकाळी तुमच्याकडेही हा मंत्रजागर चालत असेल: "सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, अ‍ॅल्युमिनियम तीन, क्लोराइड एक, सल्फेट दोन..." आणि पोळ्या लाटता लाटता आपण मनात म्हणत असू, चालू दे बाई तुझं! शाळा सुटली तसं विज्ञान सुटलं, आणि सुटलं ते बरंच झालं, असं आपल्यापैकी पुष्कळजणींचं मत. मीसुद्धा बी. ए., तेही मराठी घेऊन. पण इथे उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये दुपारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली काही फक्त मराठीच विचारत नाहीत. त्यांच्यासाठी आयनांचा धडा उघडला, आणि मला तरी तो रसायनशास्त्रापेक्षा व्याकरणाचाच वाटला. प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो, हे आपल्याला का नवीन आहे?

आधी आयन म्हणजे काय ते पाहू. अणूच्या पोटात, म्हणजे केंद्रकात, धन भाराचे प्रोटॉन आणि भोवती तितकेच ऋण भाराचे इलेक्ट्रॉन. हिशेब चोख, बाकी शून्य. सोडियमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात: आत २, मग ८, आणि सगळ्यात बाहेर एकटा १. क्लोरीनजवळ १७: २, ८ आणि बाहेर ७. बाहेर आठ झाले की ही मंडळी स्वस्थ बसतात. म्हणून सोडियम आपला एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, आणि दोघांचेही आयन होतात.

इथे दरवर्षी एक तरी मुलगी अडतेच. "बाई, दिलं तर वजा व्हायला हवं, मग सोडियमच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह कसं?" प्रश्न रास्त आहे. मी सांगते, इलेक्ट्रॉनला पैसा समजू नकोस, वाण्याची उधारी समज. उधारी ज्याच्या डोक्यावरून उतरली तो अधिकात, ज्याने ती घेतली तो वजात. सोडियमचे ११ प्रोटॉन जागच्या जागी आहेत, इलेक्ट्रॉन मात्र १० उरले, म्हणून एक अधिक. उधारी म्हटलं की मुलींना चटकन कळतं. आमच्या भागात किराण्याची वही सगळ्यांच्या ओळखीची!

आता नावं. देणाऱ्याचं नाव तेच राहतं, सोडियमचा सोडियम आयन. घेणाऱ्याचं बदलतं, क्लोरीनचा क्लोराइड होतो. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यात नव्या सुनेचं नाव लिहितात, आमच्या सिंधी शेजारणींकडेही नाव बदलायची रीत होती, तसंच काहीसं. निव्वळ सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन तर विषारी वायू. पण आयन होऊन एकत्र आले की आपण त्यांना चिमटीने आमटीत टाकतो. स्वभाव दोघांचाही पार पालटतो, नाव मात्र एकाचंच बदलतं. हा मान की अन्याय, तुम्हीच ठरवा!

'आयन' हा शब्द मायकेल फॅरडेने १८३४ साली रूढ केला. मूळ ग्रीक, अर्थ 'जाणारा', कारण पाण्यातून वीज सोडली की हे कण आपापल्या टोकाकडे चालू लागतात. नावांच्या शेपट्या मात्र त्याहून जुन्या. १७८७ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांना पद्धतशीर नावं देण्याची रीत घालून दिली. त्याआधी तिकडेही आपल्यासारखाच कारभार होता. आपल्याकडचंच बघा ना: मोरचूद, हिराकस, तुरटी. तिन्ही सल्फेटच्या घरातल्या, पण नावावरून कोणाला नातं कळेल? कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट आणि पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट म्हटलं की आडनाव लगेच कळतं.

ही शेपटी काय सांगते? साधारणपणे 'आइड' म्हणजे मूलद्रव्य एकटंच. 'आइट' म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे, पण कमी. 'एट' म्हणजे जास्त. (हायड्रॉक्साइडसारखे अपवाद आहेतच, व्याकरण म्हटलं की अपवाद आलेच.) नाल्यातल्या सडक्या अंड्याच्या वासामागे सल्फाइड. आपण सरबतं टिकवायला चिमूटभर 'के. एम. एस.' घालतो ना, ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. तुरटी सल्फेट. गंधक तिन्हींत तेच, पण एकीच्या जागी दुसरी चालेल का?

क्लोरीनची तर पाच पायऱ्यांची शिडीच आहे. क्लोराइडमध्ये ऑक्सिजन नाही, हायपोक्लोराइटमध्ये एक, क्लोराइटमध्ये दोन, क्लोरेटमध्ये तीन, परक्लोरेटमध्ये चार. 'हायपो' म्हणजे खाली, 'पर' म्हणजे वर. क्लोराइड मिठात, हायपोक्लोराइट कपडे पांढरे करायच्या बाटलीत आणि क्लोरेट काडेपेटीच्या काडीच्या टोकावर!

ही शिडी मी मुलींना मोरीपर्यंत नेऊन शिकवते, आणि तुम्हीही जरा तिथवर चला. संडास साफ करायच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असेल. कपड्यांच्या ब्लीचवर सोडियम हायपोक्लोराइट. ब्लीचिंग पावडरही त्याच घराण्यातली. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो १९१५ साली महायुद्धात सैनिकांवर सोडला होता. "दोन्ही घातली की दुप्पट स्वच्छ" असं वाटून बंद मोरीत कोणीही असं करू नये, कामाच्या मावशींनाही आवर्जून सांगा. चुकून झालंच तर तिथे पाणी ओतत, पुसत थांबू नका. आधी बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, आणि खोकला थांबेना किंवा श्वास लागला तर सरळ डॉक्टरांकडे.

लोहाची गोष्ट वेगळी. ते कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. दोन दिले तर फेरस, तीन दिले तर फेरिक. हल्लीच्या पुस्तकात कंसात आकडा घालून आयर्न (२), आयर्न (३) लिहितात. दिवस असताना रक्तवाढीच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत बहुधा फेरस सल्फेट असतं, कारण फेरस आपल्या शरीरात अधिक सहज शोषलं जातं. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर आणखी बरं. चहाबरोबर मात्र नको, चहा लोह शोषू देत नाही. मिठाच्या पुड्यावर पोटॅशियम आयोडेट लिहिलेलं दिसेल. आयोडाइड दमट हवेत टिकत नाही, आयोडेट टिकतं. आपल्यासारख्या पावसाच्या मुलखात तेच हवं.

आमच्या भागात ही नावं घरापुरती राहत नाहीत. इथे जीन्स धुण्याचे कारखाने कितीतरी वर्षं चालत. कापड फिकं करायला जांभळं पोटॅशियम परमँगनेट, आणि मग त्याचा डाग काढायला सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे आपल्या सरबतातल्या के. एम. एस.चा सख्खा भाऊ. ते सगळं पाणी वालधुनीत. त्याच वालधुनीत नोव्हेंबर २०१४ मध्ये घातक रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावं लागलं.

अंबरनाथ-बदलापूरच्या रस्त्यावर रसायनांचे टँकर दिसतात. घातक माल असेल तर टँकरवर रसायनाचं नाव आणि त्याचा आकडा लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या मुली आता येता-जाता ती नावं वाचतात, शेपटीसकट. परवा एकीने विचारलं, "बाई, ह्याच्यावर नावच नाही, मग आत काय असेल?"