चिलखतावरचा उजेड

लाकडी ब्लॉक कोरणाऱ्याजवळ पांढरा रंग नसतो. जिथे कोरलं तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो. जिथे हात लावला नाही तिथे काळं उमटतं. उजेड हवा असेल तर तो कोरूनच काढावा लागतो, आणि एकदा कोरला की बुजवता येत नाही. चिलखतातली वीरांगना कोरायला घेते तेव्हा ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही.

अशा वेळी मी गुस्ताव दोरेची चित्रं उघडून बसते. आरिओस्तोच्या ‘ओरलांदो फुरिओसो’ या इटालियन महाकाव्याच्या १८७९ च्या फ्रेंच आवृत्तीसाठी त्याने शेकडो चित्रं काढली. ब्रादामान्ते ही त्या काव्यातली भालाईत वीरांगना.

तिचं चिलखत कोरताना उजेडाचा स्वभाव ओळखावा लागतो. कापडावरचा उजेड हळूहळू विरत जातो. पोलादावर काळ्याकुट्ट पट्ट्याला खेटूनच लखलखीत रेघ येते आणि लगेच पुन्हा काळं. ब्यूरिन ही कोरणी एका दमात पुढे ढकलली की ती रेघ मिळते. मोह होतो तो इथेच. पत्रान्‌पत्रा चमकवला की चिलखताचा दागिना होतो. छातीचा पत्रा घाटदार करून सगळा उजेड तिथेच ओतलेली चित्रं ढिगाने दिसतात. त्यांतली स्त्री लढेल असं वाटतच नाही. पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं असे. ते अंगावर पेलून गुडघे वाकवायचे, घोड्यावर मांड टाकायची. म्हणून मी उजेड देते तो खांद्याच्या कडेला, कोपराच्या सांध्याला, भाला धरलेल्या मुठीला. जिथे अंग राबतं, तिथे. बाकीचं पोलाद काळंच राहू देते.

त्याच काव्यात आत्लान्ते या जादूगाराची ढाल इतकी प्रखर, की पाहणारा शुद्ध हरपून कोसळतो. ब्रादामान्तेजवळ जादू निष्प्रभ करणारी अंगठी असते. ती कोसळल्याचं सोंग करते आणि तो बांधायला जवळ येताच त्यालाच खाली दाबते. वार करायला हात उगारते, पण त्याचा म्हातारा, दुःखी चेहरा दिसताच हात आवरते. दिपवणारा उजेड शत्रूकडे आहे. तिच्याकडे आहे प्रसंगावधान, ताकद आणि दया. तो उगारून थांबलेला हात मला कोरायचा आहे. मनगटावर एकच रेघ पुरेल, पण ती नेमकी हवी.